दोन दारांचा फ्रिज

खोडद, १४ डिसेंबर २०२४

चि. ऋषीस,

आशीर्वाद आहेतच. ते तुझ्या फोनसारखे मध्येच बंद पडत नाहीत.

पत्र आलेलं बघून हसशील. हस. फोन लावला की पलीकडून कोणी बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि ठेवून देते. मेसेज केला की निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. खुणा येतात म्हणजे मुलगा जिवंत आहे, एवढ्यावर मी समाधान मानायचं. शेवटी तेजस्विनीकडून तुझ्या कंपनीचा पत्ता घेतला. बहिणीला पत्ता देतोस, हेही काही कमी नाही.

तुझ्या बायकोबद्दल लिहायचं आहे. वेरा. विसरला असशील म्हणून नाव लिहिते. रशियात डॉक्टरकी शिकायला गेलास आणि येताना पदवी आणि बायको, दोन्ही घेऊन आलास. आम्ही हूं की चूं केलं नाही. इथल्या परीक्षेला दोनदा बसलास, दोनदा नापास झालास, तेव्हाही घरात कोणी आवाज चढवला नाही. मग दोहाला औषधांच्या कंपनीत लागलास आणि 'सहा महिन्यांत वेराला बोलावतो' म्हणून गेलास. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या. ती पोरगी खोडदमध्ये टोमॅटोचे क्रेट भरते आहे आणि आपला व्हिसा कधी येतो याची वाट बघते आहे.

तर, तिने टीव्ही घेतला. नारायणगावच्या दुकानात डिस्प्लेला ठेवून ठेवून जुना झालेला. तिकडे ती अशाच दुकानात कामाला होती ना, त्यामुळे स्वस्तातली चांगली वस्तू कशी ओळखायची ते तिला बरोबर कळतं. दुकानदाराला टीव्ही उलटा करायला लावला, मागची सगळी भोकं तपासली, रिमोटचे सेलसुद्धा नवे मागितले. तिला तिच्या भाषेतले पिक्चर बघायचे होते. मोबाईलवर बघून डोळे दुखतात म्हणाली. मी म्हटलं, घे. म्हणजे आधी म्हटलं होतं, 'आता टीव्हीची कसली हौस?' पण नंतर घे म्हटलं.

टीव्ही घरी आला आणि तुझ्या आबांनी पूजा मांडली. तुझ्या वडिलांचा स्वभाव तुला माहीत आहे, घरात नवा पाना आला तरी त्याला कुंकू लागतं. पडद्यावर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. वेरा कौतुकानं बघत होती. आम्हाला दाखवायला म्हणून तिनं टीव्ही चालूही करून ठेवला होता. आबांनी दगडावर नारळ वाढवला आणि ट्रॅक्टरच्या चाकावर घालतात तसं सगळं पाणी टीव्हीवर घातलं. मागच्या जाळीतून आत गेलं. चट् आवाज आला, करपल्याचा वास आला, आणि टीव्ही गेला.

ती आधी आबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "आई, टीव्ही नको तर नको म्हन. पानी का वतलं?"

हो, असंच बोलते ती आता. आबांकडून आणि शेजारच्या गजराबाईकडून शिकली, आणखी कशी बोलणार? आबा गडबडले. "आगं, नव्या वस्तूची पूजा न्हाई करायची व्हय?" पण पूजा म्हणजे काय आणि पाणी ओतणं म्हणजे काय, हे तिला कळेना. तिला वाटलं, मला टीव्ही नको होता म्हणून आम्ही दोघांनी ठरवून मारला. तेव्हापासून ताट घेऊन खोलीत जाते. माझ्याशी बोलत नाही.

ऋषी, तुझी भाषा तिला येते आणि तिची तुला. एक फोन करून तिला सांग, की या घरात कोणी तिचं वाईट चिंतलेलं नाही. एवढंच काम आहे. डॉक्टरकीपेक्षा सोपं आहे.

तुझी आई,
नंदा

खोडद, २ फेब्रुवारी २०२५

चि. ऋषीस,

तुझा फोन आला नाही. येईल असं वाटलं होतं, हा माझाच मूर्खपणा.

मीच मार्ग काढला. वेराला हाताला धरून गोठ्यामागे नेलं आणि एकेक दाखवलं. ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, मोटारीचा स्टार्टर, फवारणीचा पंप, माझी शिलाई मशीन. सगळ्यांवर दसऱ्याचं कुंकू. म्हटलं, हे बघ, सगळ्यांना केलं, तुझ्या टीव्हीलाही केलं. ती बराच वेळ स्टार्टरच्या डबीवरच्या कुंकवाकडे बघत होती. मग म्हणाली, "आबा येडं हाय." आणि इतकी हसली की खाली बसली. मीही हसले. आबांना बाहेर ऐकू गेलं, ते दिवसभर फुगून होते.

दुसरा टीव्ही जावयांनी दिला. भीमाशंकरला जाणारे लोक त्यांच्या शिनोलीच्या लॉजवर उतरतात, तिथले जुने टीव्ही बदलायचे होते. त्यातला एक वेराने निवडून आणला. आबांनी त्याला लांबूनच नमस्कार केला. पण सोबत तिनं चित्र साफ दिसावं म्हणून बाजारातून एक स्वस्तातला बूस्टर आणला, त्यानं वेगळाच घोळ घातला. आपल्या गावच्या त्या आकाशातलं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीवरचे दोन जण हातात अँटेना घेऊन घरोघरी फिरत आमच्या दारात आले. म्हणे त्यांच्या मोठ्या तबकड्यांना कुठून तरी खरखर ऐकू येते आहे, ती आमच्या घरातून. बिचारे नम्रपणे बोलत होते, पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, आकाशातल्या ताऱ्याचं कुजबुजणं तुम्हाला ऐकू येतं, मग एकदा दोहाकडे तोंड करून बघा, तिथे माझा मुलगा आहे, त्याच्याकडून काही ऐकू येतं का सांगा. ते एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी वेरानं बूस्टर काढून ठेवला. तसंही वेराचे पिक्चर पेन ड्राइव्हवर येतात.

आता दुपारी जेवणं झाली की आम्ही बायका पिक्चर बघतो. मी, वेरा आणि गजराबाई. वेरा मध्ये बसून सांगते. तुझ्या सासरच्या लोकांचे पिक्चर म्हणजे डोक्याला ताप आहे. कोणी बोलतच नाही. एक बाई खिडकीत उभी राहते, बाहेर बर्फ पडतो, ती चहा ओतते, पुन्हा खिडकीत उभी राहते. मी विचारते, काय झालं? वेरा म्हणते, "काय न्हाई. तिला दुख हाय." अगं, दुःख आहे तर बोल ना कोणाशी! एका पिक्चरमध्ये धनगर होता. गजराबाईच्या सासरी पूर्वी शेकड्यांनी मेंढरं होती, ती टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. "आरं, मेंढरू असं धरत्यात व्हय? मान मोडंल त्याची." तो काही ऐकेना. तेव्हापासून रशियन माणसांबद्दल तिचं मत वाईट आहे, वेरा सोडून.

परवाच्या पिक्चरमध्ये नवरा खाणीत कामाला लांब गेला. बायकोला तिकडून रेडिओ पाठवला. ती रोज रेडिओ पुसते, त्यावर क्रोशाचा रुमाल घालते. तो येत नाही. मला राहवेना, टीव्हीला म्हटलं, "मेल्या, रेडिओ नको, तू ये!" वेरा पुढचं सांगायची थांबली, मीही तिच्याकडे बघितलं नाही. तेवढ्यात लाइट गेली, बरं झालं.

एक मात्र चांगलं झालं. वेरा म्हणते, तू तिला मेसेज करतोस. घरातल्या वस्तूंचं विचारतोस. आम्हाला नाही तर नाही, बायकोला करतोस, मला तेवढं पुरे आहे. माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा येशील तेव्हा उतरव.

तुझी आई,
नंदा

खोडद, १ एप्रिल २०२५

ऋषीस,

पाडव्याला तेजस्विनी माहेरी आली होती. तिच्या मोबाईलमध्ये तुझा फोटो बघितला. तुझ्या कुठल्या मित्राने टाकलेला, तू टाकला नसतास. वाढदिवस दिसतोय कोणाचा तरी. मागे स्वयंपाकघर आहे.

तेजस्विनी म्हणाली, "दादा जाड झालाय." मी दादाकडे बघतच नव्हते. मी फ्रिजकडे बघत होते. दोन दारांचा. एकट्या माणसाला दोन दारांचा फ्रिज कशाला लागतो रे? तुला कपभर चहा करता येत नाही, तिथे ओट्यावर गुलाबी रंगाची पाणी तापवायची किटली आहे. मिक्सरवर विणलेलं झाकण आहे. मिक्सरवर झाकण घालणारा पुरुष मी अजून बघितलेला नाही. आणि ताटाळ्यात सगळं दोन दोन.

तेजस्विनीच्या लक्षात आलं की माझ्या लक्षात आलं. "आई, मित्रबित्र राहत असंल," म्हणाली. मी म्हटलं, असेल. मोबाईल तिला परत दिला आणि श्रीखंडाचं पातेलं उचलून आत गेले.

वेराला फोटो दाखवला नाही. ती बाहेर गुढीला साखरेची गाठी बांधत होती, आबा तिला गाठ कशी मारायची ते शिकवत होते. तुला हे वाचून काही वाटणार आहे का, ते मला माहीत नाही. मला फार वाईट वाटलं. रागापेक्षा वाईट जास्त.

जे काही असेल ते मला सरळ लिही. मी तुझी आई आहे, माझ्यापासून काय लपवणार? पण आधी एक काम कर. वेराचा इथे राहण्याचा परवाना जुलैत संपतो. पुण्याला जाऊन वाढवून घ्यावा लागतो, त्याला नवऱ्याची सही लागते. ती नसेल तर तिला देश सोडावा लागेल. ती म्हणते, तू त्याआधी दोहाला बोलावून घेशील, काळजी नको. मी तिला काय सांगू?

नंदा

खोडद, १५ जून २०२५

ऋषी,

तुझं उत्तर पोहोचलं. मला नाही, तेजस्विनीला. 'वेराला समजाव, तिने आता परत जावं, सगळ्यांच्या दृष्टीने बरं.' सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्या, याची यादी दिली असतीस तर बरं झालं असतं. तेजस्विनी रडत शिनोलीहून आली. भावाचं घाणेरडं काम बहिणीनं करायचं, ही तुझी पद्धत चांगली आहे.

तिला काही बोलायची वेळच आली नाही. ती दारात आली, वेरा तिचं तोंड बघून म्हणाली, "बस. च्या पी. मला म्हाईत हाय."

मग जे कळलं ते तुला लिहिते, कारण तू ते कोणाला सांगितलं नसशील. तो फ्रिज वेराने निवडला आहे. ती किटली, तो मिक्सर, कपडे धुवायचं मशीन, सगळं. वर्षभर तू तिला फोटो पाठवत होतास, 'यातला कुठला स्वस्त आणि चांगला?' आणि ती दुपारभर बसून एकेका वस्तूची माहिती काढायची, कुठलं टिकेल, कुठल्याला वीज कमी लागते. आबांना विचारायची, "आबा, मोठा फ्रिज घेऊ का बारका?" आबा म्हणायचे, "मोठाच घे, पोरंबाळं व्हतील." ती तेच तुला कळवायची. तिला वाटत होतं, आपलं घर लागतंय.

शेवटी तू किटलीचे दोन रंग पाठवलेस, आणि तिने हिरवी निवडली. दुसऱ्या दिवशी तू कळवलंस, गुलाबी घेतली, ती जास्त आवडली. वेरा मला म्हणाली, "आई, ऋषीला गुलाबी आवडत न्हाई. मंग कुनाला आवडली?" हे तिला फेब्रुवारीपासून माहीत होतं. मला मार्चपासून. आम्ही दोघी एकमेकींपासून लपवून रोज शेजारी बसून पिक्चर बघत होतो.

तुला दुसरी कोणी आवडली, ते मी एक वेळ समजू शकले असते. माणसं चुकतात, तुटतात, वेगळी होतात. पण तिच्यासाठी मांडलेल्या संसाराची खरेदी हिच्याकडून करून घेतलीस, हे माझ्या डोक्यात मावत नाही. आम्ही तुला असं वाढवलं नव्हतं रे. आबांना सगळं सांगितलं नाही, फ्रिजचं तर नाहीच. ते स्वतःला माफ करणार नाहीत.

तरी शेवटचं विचारते. सही दे. तुझी बायको म्हणून तिला ठेवू नकोस, पण सही दे, म्हणजे पुढचं काय ते ती इथे शांतपणे ठरवेल. तिच्या आईचं घर आता भावानं घेतलंय, तिथे तिला कोणी ये म्हणालेलं नाही. इथे तिला कोणी जा म्हणालेलं नाही, तुझ्याशिवाय.

तुझी आई

खोडद, २० जुलै २०२५

ऋषी,

सही आली नाही. वेरा काल गेली.

पुण्यापर्यंत मी आणि आबा गेलो होतो. आबांनी गाडीला हार घातला, का ते विचारू नकोस. विमानतळाच्या दारात आम्हाला आत सोडेनात. तिने आबांच्या पायावर डोकं ठेवलं, मला मिठी मारली आणि म्हणाली, "लई बोललीस आई तू, पिक्चरभर. आता कोन बोलनार?"

मंगळसूत्र देवापुढे काढून ठेवून गेली आहे. तुला पाहिजे असेल तर सांग, म्हणजे मला कळेल की मी कोणाला जन्म दिला.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही.

नंदा

खोडद, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय वेरा,

अक्षरं मोठी काढते आहे, कारण तू एकेक अक्षर लावून वाचतेस. कागदाचा फोटो तेजस्विनी पाठवेल. दर रविवारी तू फोन करतेस, पण तुझा आवाज आला की मला 'जेवलीस का' याच्यापुढे सुचत नाही. तू म्हणतेस जेवले, मी म्हणते बरं, आणि ठेवते. मग दिवसभर स्वतःवर चिडते. म्हणून लिहिते.

ऋषी आला होता. गणपतीत. तू गेलीस आणि त्याला रजा मिळाली. मी ताट वाढलं, पोटचा आहे, उपाशी कसा ठेवणार? खरं सांगते, दारात बघितला तेव्हा एक क्षण आनंदही झाला. तो आनंद मी तुझ्यापासून लपवत नाही. पण तो बोलायला लागला आणि आनंद गेला. आपला टीव्ही बघून म्हणाला, "हे काय खटारा, नवा मोठा घेऊन देतो." मी म्हटलं, नको, हा जावयाच्या लॉजवरचा आहे, माझ्या माणसानं तपासून घेतलेला आहे.  जाताना म्हणाला, पुढच्या वेळी 'तिला' घेऊन येतो. मी म्हटलं, आण, दारात आलेल्याला पाणी देतोच आम्ही. आबा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांना फ्रिजचं कळलं. मीच सांगितलं शेवटी, मला एकटीला ते धरून ठेवणं जमेना. दोन दिवस रानातच होते, संध्याकाळी बिबट्याच्या भीतीनं तेवढे घरी यायचे.

त्याने तुझं मंगळसूत्र मागितलं नाही. मागितलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. ते मी मोडलं. आबांशी बोलून मोडलं. त्याच्या बांगड्या केल्या, साध्या. तुझ्या मापाच्या, गजराबाईच्या हाताशी लावून, तुमचे हात सारखेच आहेत. सून म्हणून घातलेलं होतं ते संपलं, मला कळतं. मी खुळी नाही. तुझं इथलं सासर संपलं.

आता हे नीट वाच. तेजस्विनीच्या नवऱ्याने पुण्याला चौकशी केली. त्याच्या लॉजवर परदेशी माणसं येतात ना, त्याला माहिती असते. तो म्हणाला, बायको म्हणून राहायचं तर नवऱ्याची सही लागते. पण चार दिवस फिरायला येणाऱ्या माणसाला कोणाचीच सही लागत नाही. मी त्याला दोनदा विचारलं, कोणाचीच नाही? तो म्हणाला, "मामी, कुनाचीच न्हाई."

आमच्यात दिवाळीला मुली माहेरी येतात. तेजस्विनी येते, गजराबाईच्या मुली येतात. आल्या की आई त्यांना पहाटे तेल लावून न्हाऊ घालते आणि चार दिवस त्यांना कामाला हात लावू देत नाही. मुलीचं लग्न मोडलं तरी येतात. उलट तेव्हा तर आधी येतात.

यंदा दिवाळी ऑक्टोबरातच आहे. थंडी नसेल, जाड कोट आणू नकोस. आबा न्यायला येतील.

तुझी आई,
नंदा